सूतमायचा पदर

पळसझरीला सांगण्याजोगी एकही गोष्ट नाही, हे त्या पुण्याच्या पोरीला काही केल्या पटेना. आठ दिवस ती घरोघर हिंडली, नको नको म्हणत चहा पिऊन तिला पित्त झालं, आणि एवढं करून वहीत उतरलं काय? तर भोंगा होता, सकाळी आठला वाजायचा, मग बंद पडला. पंधरा घरी विचारलं आणि पंधरा घरी हेच ऐकलं.

पोरीचं नाव प्रेरणा. चित्रकला शिकलेली, बोलायला गोड, आणि कुणी काहीही सांगितलं तरी "वा" म्हणणारी. नगरपंचायतीने तिला बंद सूतगिरणीची रस्त्याकडची भिंत रंगवायला आणलं होतं. भिंत चांगली तीनशे फूट लांब. चिखलीहून येणारी एसटी गावात शिरते ती या भिंतीला खेटूनच, त्यामुळे पाहुण्याला पळसझरीचं पहिलं दर्शन घडतं ते पोपडे, शेवाळ, मूळव्याधीवरच्या खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती आणि वरून डोकावणारी गंजकी पाण्याची टाकी यांचं. गिरणी बंद पडून तेवीस वर्षं झाली होती. आता तिथे रंग फासून काय व्हायचंय, असं गावातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं आणि उरलेल्या निम्म्यांना काहीच वाटत नव्हतं.

गावातला माणूस म्हणून तिच्या जोडीला इंद्रभान दिला होता. वय त्रेसष्ट. गिरणी चालू होती तेव्हा तो गिरणीचा पेंटर होता. सुताच्या पेट्यांवर नंबर टाकायचे, खात्यांची नावं रंगवायची, ‘थुंकू नये’ लिहायचं आणि त्यावर कुणी थुंकलं की पुन्हा लिहायचं. गिरणी गेली. मग त्याने दुकानांच्या पाट्या केल्या, लग्नघरांच्या भिंती केल्या, भीमनगरातल्या विहाराची कमान केली. मग फ्लेक्स आले आणि पाट्याही गेल्या. बायको गेली, गुडघे गेले. आता कुणी काम सांगितलं तर नाही म्हणायचा त्याला कंटाळा यायचा आणि हो म्हणायचं जिवावर यायचं.

"काका, गोष्ट नसेल तर आपण तयार करू," प्रेरणा म्हणाली. "सगळ्या दंतकथा अशाच कुणीतरी रचलेल्या असतात. शंभर वर्षांनी त्याच खऱ्या वाटायला लागतात."

"शंभर वर्सं कायले लागतात?" इंद्रभान म्हणाला. "दोन घंट्यात व्हते."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. म्हाताऱ्याला गंमत करून जमाना झाला होता.

पण गोष्टी रचायला बसला तेव्हा इंद्रभानचं त्यालाच नवल वाटलं. तोंडातून एकामागून एक निघतच राहिल्या. गावाबाहेरची टेकडी म्हणजे पालथा झोपलेला राक्षस, त्याचं नाव भोंग्या. रोज सकाळी आठला तो जांभई द्यायचा आणि गाव कामाला लागायचं. एक दिवस त्याला उठवायचं सगळे विसरले, तेव्हापासून झोपला तो झोपलाच. आटलेल्या तलावात एक मासा आहे. सगळं पाणी पोटात घेऊन तो गाळात दडून बसलाय आणि भोंगा वाजल्याशिवाय थेंब सोडणार नाही म्हणतो. प्रेरणा वेडीच झाली.

"काका, तुम्ही इतके दिवस होतात कुठे?"

"इथंच व्हतो. कोनी इचारलं नाई."

तिसरी गोष्ट सूतमायची. गिरणी बंद झाली त्या दिवशी सगळे आपापल्या घरी गेले, एक बाई आतच राहिली. बाहेर कुणाला तिची आठवणच आली नाही. ती आत अजून सूत काढते. गिरणीत तुटलेला धागा जोडायला बाया असत, दिवसभर त्यांचं काम तेवढंच, त्यावरून त्याला पुढचं सुचलं. गावात कुणाचं काही तुटलं, बोलणं तुटलं, घर तुटलं, की सूतमायच्या बोटांना ते कळतं आणि ती बसल्या जागी सांधा मारून देते.

प्रेरणाने खडूने आकृती आखून दिली. सूतमायच्या खांद्यावरून पदर निघतो आणि भिंतीवरून लांबच लांब जातो, टेकडीवरून, तलावावरून, थेट एसटीच्या वळणापर्यंत, चांगला नव्वद फूट. तो पदर इंद्रभानने रंगवला. चेहराही त्यानेच रंगवला, कारण प्रेरणा म्हणाली, चेहरा इथल्या बाईचा वाटला पाहिजे, माझ्या हाताने तो पुण्याचा होईल.

चेहऱ्याला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी शिडीवरून उतरून, रस्ता ओलांडून त्याने वर पाहिलं. वरून चांगुणा बघत होती.

चांगुणा त्याच्याच गल्लीतली. गिरणीत केर वेचायच्या कामावर होती, यंत्राखाली सांडलेला कापूस गोळा करून पोत्यात भरायचा. एकोणीसशे त्र्याण्णव सालच्या एका सकाळी, सव्वानऊला, तिला पिंजण खात्यात धाडलं, यंत्र चालू असताना खालचा कापूस काढायला. पट्ट्यात पदर गेला. पुढचं सांगण्यासारखं नाही.

चारच्या सुमारास चौकशीला सरकारी माणूस यायचा होता. बारा वाजता खात्याचे साहेब उत्तमराव यांनी इंद्रभानला बोलावून घेतलं आणि एक पत्रा पुढ्यात टाकला. लिहायचं ते कागदावर तयार होतं: ‘इथून पुढे स्त्रियांना जाण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ नुसतं लिहून भागणार नव्हतं. ते जुनं दिसायला हवं होतं.

आणि इंद्रभानने ते केलं. नोकरी कायम होऊन चारच महिने झाले होते, घरी लहान लेकरं होती, हे सगळं खरं. पण त्याहून खरं म्हणजे ते काम त्याला फार छान जमलं. काळ्यावर पांढरी अक्षरं काढली. उन्हात धरली. वरून चहाचं पाणी पुसलं, कडांना बोटाने यंत्राचं वंगण लावलं, आणि रंग अर्धा ओला असतानाच त्याच्यावर मूठभर कापसाची लव उडवली. पिंजण खात्यात कुठलीही वस्तू पाच वर्षं टांगलेली राहिली की तिच्यावर अशीच लव चिकटते. बोर्ड दोन तासांत पाच वर्षांचा झाला. सरकारी माणसाने त्याच्यावरचा कापूस नखाने खरवडून पाहिला आणि लिहून टाकलं की बाई मनाई मोडून आत गेली.

कागदाचं काम तिथे संपलं, लोकांची तोंडं संपली नाहीत. बाईला मनाई असलेल्या खात्यात चांगुणा गेली होती कशाला? कुणाला भेटायला? गावाला पोटापाण्याचा धंदा होता तेव्हाही असल्या चौकशीला वेळ होताच. वर्षभरात नवरा गाव सोडून गेला, सहा वर्षांच्या पोरीला अमडापूरला मावशीकडे ठेवून. इंद्रभानने तोंड उघडलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. चांगुणा मेली ती काही त्याच्या हातून नाही. पण मेल्यावर तिचं जे झालं ते त्याच्याच हातून झालं, आणि गेली एकतीस वर्षं हे त्याला रोज सकाळी दात घासताना ठाऊक असायचं.

"काय जिवंत आलाय चेहरा," प्रेरणा म्हणाली. "ओळखीचं आहे का कुणी?"

"नाई," इंद्रभान म्हणाला. "अशीच मनानं काढली."

प्रेरणाने भिंतीचे फोटो मोबाइलवर टाकले, खाली गोष्टी लिहिल्या आणि दिवाळीआधी पुण्याला निघून गेली. तिचं काम झालं होतं. गावाचं सुरू झालं.

गिरणीच्या गेटसमोर कोकिळाबाई भज्यांची गाडी लावते. तिचा पोरगा सुरतेला गेला त्याचा दोन वर्षं फोन नव्हता. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर तिने सहज पुडीचा दोरा घेतला आणि गेटच्या कडीला बांधला. चौथ्या दिवशी पोराचा फोन आला. कशासाठी आला होता ते तिने कुणाला सांगितलं नाही. आला, एवढं मात्र गाडीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

महिन्याभरात गेट दोऱ्यांनी पांढरं झालं. माहेरी परत आलेल्या पोरी, बोलणं टाकलेले भाऊ, फारकतीच्या तारखा चाललेली जोडपी, ज्याचं त्याचं तुटलेलं घेऊन लोक यायला लागले. धामणगाव बढ्याहून जीप भरून बाया आल्या. एसटीच्या वळणापाशी पदराचं टोक, तिथून पदराला हात लावत लावत चेहऱ्यापर्यंत चालत जायचं, अशी रीतच पडली. मग कुणीतरी सूतमायच्या पायाला शेंदूर लावला. तीन महिन्यांपूर्वीची ही गोष्ट, पण म्हाताऱ्या सांगायला लागल्या की आम्ही सासूच्या तोंडून ऐकली होती.

"मावशे, गिरणीच सत्त्याऐंशीले झाली," इंद्रभान एकीला म्हणाला. "तुही सासू तिच्या आधी गेली."

म्हातारीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा बोलायची सोय उरली नाही. देव सोडलेल्या घरातल्या माणसाच्या हातून देवी तयार झाली होती. विहारातली पोरं त्याला म्हणायची, बाबा, आता आरतीबी लिहून टाका. तो हसायचा आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

मग समिती झाली. पत्र्याचं शेड आलं, बांबू आले, दोरी आली. आणि अध्यक्ष कोण, तर उत्तमराव. आता ऐंशीचे, पांढरे शुभ्र कपडे, हातात काठी, गावात अजूनही साहेबच. रोज सकाळी ते चित्रापुढे उभे राहून डोळे मिटून हात जोडत. त्यांनी चेहरा ओळखलाय की नाही, हे इंद्रभानला शेवटपर्यंत कळलं नाही. केर वेचणाऱ्या बाईचा चेहरा साहेबांनी तेव्हा तरी कधी पाहिला असेल का, कुणास ठाऊक.

जानेवारीतल्या एका रविवारी धम्मशीला आली. चांगुणाची लेक. अमडापूरकडे नर्स होती, अडतिशीला टेकली होती. ती साडी नेसत नसे, आणि ओढणीसुद्धा पाठीमागे घट्ट गाठ मारून बांधायची. इंद्रभानच्या ओट्यावर बसली, दिलेला पाण्याचा गिलास तसाच हातात धरून राहिली.

"जय भीम काका. तो चेहरा कोनाचा हाय?"

"कोनता?"

"तुमाले मालूम हाय कोनता. मह्याजवळ मायचा एकच फोटू हाय, गिरणीच्या पासवरचा. मोबाइलवर ती भिंत पाह्यली अन् फोटू बाजूले धरला."

"हाव," तो म्हणाला. "चांगुणाच हाय. हातातून आली ते आली."

त्याला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर बरं केलं म्हणेल. तिने गिलास खाली ठेवला.

"पुसून टाका."

"काऊन व?"

"काऊन म्हंता? उद्या कोनी वळखलं तं काय म्हनतीन? जिथं बाईनं जाऊ नाई तिथं गेली, मेली, अन् तिची देवी करून बसले. मही सासू आजबी भांडण झालं का तेच काढते, तुही माय कोनासाठी गेलती म्हंते. बापानं तो चौकशीचा कागद पेटीत ठेवेल व्हता. मले पाठ हाय तो. ‘इथून पुढे स्त्रियांना जाण्यास सक्त मनाई आहे असा जुना फलक स्पष्ट दिसत असताना सदर स्त्री कामगार...’" ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मले एकच समजत नाई काका. मायले वाचता येत व्हतं. प्रौढ वर्गात सगळ्यात आधी तीच शिकली म्हंतात. मंग बोर्ड वाचूनबी ती काऊन गेली? घरी सहा वर्साची पोरगी हाय हे तिले आठवलं नाई का? मी लहानपणापासून तिच्यावर राग धरून हाय."

सांगायचं ते इथेच सांगायचं होतं. पोरगी समोर बसली होती, ओट्यावर तिसरं माणूस नव्हतं, गल्लीतून कुणी जातही नव्हतं. इंद्रभानने तोंड उघडलं.

"चहा ठेवू का?" तो म्हणाला.

"नको. पुसता का नाई ते सांगा."

"पाह्यतो. पुढच्या रविवारी ये."

पुढचे पाच दिवस त्याने काही केलं नाही. पुसणं अगदी सोपं होतं. चेहऱ्यावर रंगाचा एक हात मारला की मिटलं, लोकांना सांगायचं नवा काढतोय, पोरीचं समाधान होईल, उत्तमरावांच्याही डोक्याला ताप नाही. इतकं सोपं होतं की इंद्रभानला त्याचीच भीती वाटायला लागली. असंच सोपं काम त्याने आधी एकदा केलं होतं. आणि पुसला चेहरा, तरी पोरीच्या मनातला बोर्ड कुठे पुसला जाणार होता?

शनिवारी दुपारी तो डबे घेऊन भिंतीकडे गेला. चेहऱ्याकडे गेलाच नाही. पदर जिथे संपतो तिथे, एसटीच्या वळणाशी, त्याने काळा चौकोन काढला आणि त्यात पांढऱ्या रंगाने तेच शब्द लिहिले, त्याच वळणाचे. एकतीस वर्षांत हात एक काना विसरला नव्हता. खाली हातभर जागा सोडली. तिथे लिहायचं होतं, हा बोर्ड कधी लावला आणि कुणी रंगवला. वाक्य डोक्यात तयार होतं, ब्रश बुडवलेला होता. तेवढ्यात समोरून उत्तमराव काठी टेकत येताना दिसले आणि इंद्रभानने ब्रश घासलेटच्या डब्यात टाकला. वरचं आधी वाळू द्यावं, खालचं उद्या लिहू, असं त्याने स्वतःला सांगितलं. वाळण्याचा काही एक संबंध नव्हता. भ्याला, दुसरं काय.

उत्तमराव बोर्डापुढे येऊन थांबले.

"हात अजून तोच हाय तुहा, इंद्रभान."

"हाव साहेब."

"बरं केलं. शिस्त पाह्यजेच देवस्थानाले," ते म्हणाले आणि शेडकडे निघून गेले.

रविवारी नऊ वाजता इंद्रभान पोचला तर पदराच्या टोकाशी दोरी आडवी बांधलेली आणि दोरीच्या अलीकडे तीसेक बाया उभ्या. पलीकडे नुसते पुरुष. सकाळच्या आरतीला उत्तमरावांनी जाहीर केलं होतं की सूतमायचा हुकूम झालाय, इथून पुढे बाईने यायचं नाही. किती लबाड असावं माणसाने. बिंग फुटायची वेळ आली तर त्याने त्या बिंगाचाच नियम करून टाकला. रोज पाळल्या जाणाऱ्या नियमाला, तुला रंगवलं कुणी, असं कोण विचारतं? आणि बायांनी ते मुकाट्याने ऐकलं होतं. पहिला दोरा जिने बांधला ती कोकिळाबाईच दोरीपाशी उभी राहून मागच्यांना आवरत होती.

"पुढं नका जाऊ व. लिहेल हाय ना तिथं. कोप व्हईन."

इंद्रभान डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याने एक खोटं सरळ करायला घेतलं होतं आणि ते पहिल्यापेक्षा मोठं होऊन बसलं होतं. त्याला वाटलं, इथेच रस्त्यावर बसावं आणि कुणी उठवलं तरी उठू नये.

अमडापूरची जीप थांबली आणि धम्मशीला उतरली. चेहरा पुसलाय की नाही ते बघायला ती तरातरा पुढे आली. कोकिळाबाईने हात आडवा केला.

"बाई, इथून पुढं बायायले मनाई हाय."

धम्मशीलाने मान वर करून बोर्ड वाचला. पुन्हा वाचला. ‘हुकमावरून’पाशी तिचे ओठ हलले. मग ती वळली आणि इंद्रभानकडे, त्याच्या हातातल्या डब्याकडे, बोटांवरच्या पांढऱ्या डागांकडे बघत राहिली.

"हे शब्द तुमाले कुठून माईत?" तिने विचारलं. "हे त्या कागदातले हायेत."

आता चहाचं विचारून सुटका नव्हती.

"म्याच लिहेल हायेत," इंद्रभान म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तवाबी म्याच लिहेल हायेत. तुही माय गेली तवा तिथं बोर्ड नव्हता. ती गेल्यावर म्या रंगवला."

दोरीपलीकडून उत्तमरावांचा आवाज आला, "याले घरी न्या रे कोनी. उन्हानं डोकं फिरलं त्याचं."

जानेवारीतलं सकाळचं ऊन ते. कुणी जागचं हललं नाही.

"किती वाजता?" धम्मशीलाने विचारलं.

"काय?"

"माय किती वाजता गेली अन् बोर्ड किती वाजता लावला?" नर्सच ती, आधी वेळ विचारायची तिची रोजची सवय.

"सव्वानऊले गेली. बाराले साहेबानं मले पत्रा देला. दोनले टांगला."

"मंग नवा कसा नाई दिसला?"

"चहाचं पानी लावलं. वंगण लावलं. रंग वला व्हता तवा वरून कापूस उडवला. जुना दिसला."

एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. तसं काही वाटलं नाही. नुसतंच थकल्यासारखं वाटलं, आणि लाज वाटली.

धम्मशीलाने पुन्हा बोर्डाकडे पाहिलं.

"म्हंजे वाचाले काही नव्हतंच तिथं," ती म्हणाली. हे ती इंद्रभानला म्हणत नव्हती. "कोनी धाडलं अन् ती गेली. अन् मी तिच्यावर..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

तिने दोरी वर उचलली आणि खालून पलीकडे गेली. या खेपेला कोकिळाबाईचा हात आडवा आला नाही. पदराला हात लावत धम्मशीला नव्वद फूट चालत गेली. पुरुष बाजूला झाले. उत्तमराव काठी सावरत शेडच्या खांबामागे सरकले. चेहऱ्याखाली उभी राहून ती वर बघत राहिली. हात जोडले नाहीत. मग खाली वाकून, भिंतीवर जिथे जिथे शेंदूर लावला होता, तो तळहाताने पुसायला लागली. तिला कुणी थांबवलं नाही.

परत आली तेव्हा तिचे दोन्ही हात शेंदराने माखले होते आणि डोळे सुजले होते.

"लिहा," ती म्हणाली.

इंद्रभान त्या गेलेल्या गुडघ्यांवर बसला. डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरून त्याने लिहिलं: ‘चांगुणा सकाळी सव्वानऊला मेली. हा बोर्ड दुपारी दोनला लावला. रंगवणारा इंद्रभान.’ अक्षरं वाकडी आली. एरवी त्याने ती पुसून पुन्हा काढली असती. ती तशीच ठेवली.

कोकिळाबाईने एकेक अक्षर जोडत वाचलं. "चांगुणा म्हंजे कोन व?"

"सूतमाय असंन," मागून एकजण म्हणाली.

"नाई," धम्मशीला म्हणाली. "मही माय."

वळणावर चिखलीची एसटी आली आणि धुळीचा लोट उठवून गेली. धम्मशीला पटकन भिंतीशी सरकली. पाठीमागची गाठ सोडली, ओढणी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि रस्त्याकडे पाठ करून ओल्या अक्षरांपुढे उभी राहिली.

"याच्यावर काहीबी चिकटू देऊ नका काका," ती मागे न बघता म्हणाली. "हे जुनं नाई दिसलं पाह्यजे."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि इंद्रभाननेही विचारलं नाही. त्याला विचारायचं तोंड नव्हतं. थोड्या वेळाने कोकिळाबाई दोरीखालून आली आणि आपला पदर पसरून तिच्या शेजारी उभी राहिली. तिची भजी तिकडे करपत होती. इंद्रभान खाली बसून, डब्यांना झाकणं लावून, रंगाकडे बघत राहिला. वाळायला दोन तास लागले. त्या दिवशीही तेवढेच लागले होते.